तांत्रिक पुस्तिकेतील अक्षरसंकेत आणि मदतीचा पत्ता : मराठी आवृत्तीत काय ठेवावे?

भोसरीचा दस्तऐवजकार (प्रश्न)

नमस्कार. भोसरीतील एका लहान कारखान्यात मी माहितीपुस्तिकांचे काम पाहतो. आमच्याकडे तीन फेजचे औद्योगिक यूपीएस तयार होतात. प्रत्येकात देखरेखीसाठी एक कार्ड असते आणि लॅपटॉपला सिरीयल केबल जोडून त्या कार्डाला कमांड देता येतात. यंत्र बसवण्याची आणि दुरुस्तीची पुस्तिका आजवर केवळ इंग्रजीत होती. आता वितरकांच्या तंत्रज्ञांसाठी, म्हणजे बहुतांशी आयटीआय करून आलेल्या आणि नांदेड, सोलापूर, कोल्हापूर अशा ठिकाणी एकट्याने यंत्रासमोर उभे राहणाऱ्या मंडळींसाठी, तिची मराठी आवृत्ती काढायची आहे.

अडचण प्रस्तावनेपासूनच सुरू झाली. आमच्या इंग्रजी पुस्तिकेत ‘अक्षरसंकेत’ नावाचा एक तक्ता आहे. माझ्या आधीच्या कोणीतरी तो एखाद्या जुन्या सर्व्हरच्या पुस्तिकेवरून उचललेला असावा. त्यात तीन ओळी आहेत : टंकलेखन यंत्रासारखी अक्षरे म्हणजे फाइलची किंवा कमांडची नावे, तीच अक्षरे ठळक म्हणजे आपण टंकित करायचा मजकूर, आणि तिरपी अक्षरे म्हणजे ज्या जागी स्वतःचे मूल्य भरायचे तो शब्द. भाषांतर करून आले तेव्हा तिन्ही ओळी एकाच टंकात होत्या, तिरपी अक्षरे पडता पडता सावरल्यासारखी दिसत होती आणि काही ठिकाणी शिरोरेषाच तुटलेली होती.

शेवटच्या पानाची दुसरी गोष्ट. तेथे मदतीसाठी तीन दूरध्वनी क्रमांक आहेत, त्यांपैकी दोन बंद आहेत. एक ई-मेल पत्ता आहे, तो नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्याचा आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की प्रस्तावना आणि शेवटचे पान कोणी वाचत नाही, त्यामुळे दोन्ही काढून टाकावीत. मला हे पटत नाही, पण प्रतिवाद करण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. हा तक्ता मराठीत कसा आणावा आणि मदतीच्या पानावर नेमके काय असावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

जुना सिस्टिमवाला

आपला तक्ता कोठून आला असावा ते वर्णनावरून ओळखता येते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सर्व्हरांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांच्या प्रस्तावनेत अगदी असाच तक्ता असे. ‘एएबीबीसीसी१२३’ हा नमुन्याचा शब्द तीन प्रकारच्या अक्षरांत छापलेला, शेजारी अर्थ आणि त्याच्या शेजारी उदाहरण. त्याखाली बारीक अक्षरांत एक तळटीपही असे : आपल्या ब्राउझरच्या मांडणीत ही अक्षरे वेगळी दिसू शकतील. त्या वेळी ती टीप वाचून मला हसू येई. आता वाटते की संपूर्ण तक्त्यातले सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच होते, कारण अक्षराच्या रूपावर अर्थ टांगून ठेवला की वाचणाऱ्याच्या पडद्यावर किंवा झेरॉक्सवर ते रूप टिकेलच याची हमी कोणालाच देता येत नाही.

त्या तक्त्यात एक मूळ दोषही होता, आणि तो आपण मराठीत आणू नये. तिरप्या अक्षरांकडे चार कामे सोपवलेली होती : ग्रंथांची नावे, नवे पारिभाषिक शब्द, जोर देण्याचे शब्द आणि बदलून लिहायची मूल्ये. पहिली तीन कामे चुकली तर फारसे बिघडत नाही. चौथे चुकले तर तंत्रज्ञ ‘फाइलनाव’ हा शब्दच जसाच्या तसा टंकित करतो. एवढ्या वेगळ्या वजनाच्या गोष्टी एका खुंटीला का अडकवल्या, याचे उत्तर मला एकच दिसते : छापखान्यात ठळक आणि तिरपे एवढेच दोन हाताशी होते.

त्याच प्रस्तावनेत दुसरा एक तक्ता असे, तो मात्र फार मोलाचा होता. तो होता प्रॉम्प्टचा, म्हणजे कमांड घेण्यास यंत्र तयार असल्याचे दाखवणाऱ्या चिन्हाचा. आपली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. सी-शेलमध्ये यंत्राच्या नावापुढे %, बोर्न आणि कॉर्न शेलमध्ये $, आणि सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी दोन्हीकडे #. हे कळले की पुढची कमांड कोणत्या अधिकाराने द्यायची तेही एका चिन्हात कळते. पण ते चिन्ह टंकित करायचे नसते, हे सांगायला हवे. माझ्या हाताखालच्या एका मुलाने पुस्तिकेतील ओळ # सकट टंकित केली होती. बोर्न शेल # ने सुरू होणाऱ्या ओळीला टिप्पणी समजून काहीच करत नाही. तक्रार नाही, संदेश नाही, फक्त नवा प्रॉम्प्ट. काम झाले असे समजून तो पुढच्या पायरीवर गेला आणि आमची दुपार त्यात गेली. $ टंकित केले असते तर निदान ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर तरी आले असते.

तेव्हा आपल्या कार्डाचा प्रॉम्प्ट जो काही असेल तो पुस्तिकेत एकदाच, पडद्याच्या चित्रासह दाखवावा आणि पुढे कमांड लिहिताना तो गाळावा. बदलायच्या मूल्यांना कोनी कंस वापरण्याचा मोहही टाळावा. शेलमध्ये < आणि > यांना स्वतःचा अर्थ आहे : पहिले चिन्ह फाइलमधून वाचते आणि दुसरे फाइलवर लिहिते. कंसासकट टंकित करणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि दोष त्यांचा नव्हता.

मदतीच्या पत्त्याबद्दल एवढेच सांगतो. सनच्या पुस्तिकांमध्ये मदतीचे, दस्तऐवजांचे आणि अभिप्रायाचे वेगवेगळे पत्ते असत. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने कंपनी घेण्याचा व्यवहार पूर्ण केला, नंतर सनसॉल्व्ह हे सनचे मदतीचे संकेतस्थळ जाऊन माय ओरॅकल सपोर्ट आले, आणि छापलेल्या पुस्तिकांतले पत्ते इतिहासजमा झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एचपीचे दोन भाग झाले तेव्हाही सर्व्हरची मदत नव्या नावाच्या पत्त्यावर गेली. यंत्र मात्र तेच, त्याच खोलीत चालू राहते. आपला कारखाना लहान असला तरी यूपीएस दहा-पंधरा वर्षे चालतो, हे लक्षात ठेवूनच ते पान लिहावे.

अक्षरजुळणी

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. देवनागरीपुरती भर घालतो, कारण माझे आयुष्य मराठी पुस्तके जुळवण्यात गेले आहे.

तिरपी अक्षरे देवनागरीची नाहीत. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांना हस्ताक्षराची स्वतंत्र परंपरा आहे. आपल्याकडे संगणक सरळ अक्षरालाच ढकलून तिरपे करतो, त्यामुळे ती सावरल्यासारखी दिसतात हे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे. समान रुंदीच्या टंकाचेही तसेच आहे. ‘ण’ आणि ‘र’ यांना एकाच मापाच्या चौकटीत बसवले, शेजारी ‘क्ष्म्य’सारखे जोडाक्षर आणले, की एक तर अक्षर चेपते नाही तर पोकळी पडते. शिरोरेषा तुटण्याचे कारण बहुधा निराळे असावे : कोणीतरी अक्षरांमधले अंतर वाढवले असेल. रोमन शब्दात ते खपते, देवनागरीत रेघ जागोजागी तुटते. आणि मोठ्या लिपीतील अक्षरांनी जोर द्यावा म्हटले तर आपल्याकडे लहान-मोठी लिपीच नाही. थोडक्यात, रोमन लिपीची ही सारी साधने मराठीत येईपर्यंत एकच उरते, ते म्हणजे ठळक अक्षर.

म्हणून मी असे करीन. जे टंकित करायचे ते परिच्छेदात ठेवायचेच नाही. ते स्वतंत्र ओळीवर, हलक्या चौकटीत, रोमन लिपीतच द्यावे, कारण कार्डाला मराठी कळत नाही. चौकटीतले सर्व टंकित करायचे आणि चौकटीबाहेरचे काहीही टंकित करायचे नाही, हा एकच नियम. तो झेरॉक्समध्येही टिकतो. बदलायची मूल्ये चौकटीत प्रत्यक्ष नमुन्यासह द्यावीत आणि लगेच खाली मराठीत लिहावे : ‘येथे आपल्या कार्डाचा पत्ता लिहावा’. नमुन्याचे नेटवर्क पत्ते मनाने देऊ नयेत. जानेवारी २०१० च्या आरएफसी ५७३७ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने केवळ उदाहरणांसाठी तीन गट राखून ठेवले आहेत, त्यांतला एक १९२.०.२.० पासून सुरू होतो. कोणी नमुना जसाच्या तसा टंकित केला तरी तो दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर जाऊन आदळत नाही. (येथे मी हा पत्ता देवनागरी अंकांत लिहिला आहे. पुस्तिकेत असे मुळीच करू नये, त्याचे कारण पुढे येतेच.)

मराठीची खास अडचण विभक्तीची आहे, आणि भाषांतरकार ती हमखास विसरतात. इंग्रजीत कमांडचे नाव वाक्यात सुटे राहते. आपण त्याला ‘ला’, ‘मध्ये’, ‘वर’, ‘ने’ चिकटवतो. ‘रिसेटवर दाबा’ असे लिहिले की बटणावर नेमके काय लिहिलेले आहे, ‘रिसेट’ की ‘रिसेटवर’, असा प्रश्न मराठी माणसाला पडणार नाही हे खरे. पण पाच-सहा रोमन अक्षरांच्या अनोळखी कमांडला ‘ने’ जोडला की तो कमांडचा भाग आहे की नाही हे नवख्याला कळत नाही. तेव्हा नाव सुटे ठेवून प्रत्यय सामान्य शब्दाला लावावा : ‘रिसेट या बटणावर’, ‘स्टेटस या कमांडने’. वाक्य थोडे लांबते, पण संदिग्धता राहत नाही. त्याच कारणासाठी वाक्याच्या शेवटी कमांड येऊ देऊ नये, नाही तर पूर्णविरामही टंकित होतो.

अंकांचे असे आहे की देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांची आकृती इतकी जवळची आहे की घाईत एकाचे दुसरे वाचले जाते. यंत्राच्या पडद्यावर आणि कळफलकावर इंग्रजी अंक असतील, तर मापे, सांकेतिक क्रमांक आणि दूरध्वनी यांसाठी संपूर्ण पुस्तिकेत इंग्रजी अंकच ठेवावेत. प्रकरणांचे आणि पानांचे क्रमांक खुशाल देवनागरीत द्यावेत. मिश्रण चालेल, पण कोणते अंक कोठे हे प्रस्तावनेत एका वाक्यात सांगावे.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. ‘टीप’ या शब्दापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकित करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. वाचताना फरक जाणवत नाही, पण संगणकावर शोध घेताना शब्द सापडत नाही. दुसरी गोष्ट वर्ड या प्रोग्रॅमची : तो आपणहून दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ आणि सरळ अवतरणचिन्हांची वाकडी चिन्हे करतो. पुस्तिकेतून नक्कल करून चिकटवलेली कमांड मग चालत नाही आणि डोळ्यांना चूक दिसतही नाही. चौकटींपुरती ही सोय बंद करावी.

पॅनेल वायरमन

धोक्याच्या सूचनांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो. कमांड चुकली तर पुन्हा देता येते. यूपीएसचा पुरवठा बंद केल्यावरही आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काही वेळ भारित असतात आणि बॅटरीची मालिका तर कधीच ‘बंद’ नसते.

अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या मानकमालिकेत सूचनाशब्दांची उतरंड ठरलेली आहे. पहिला शब्द अशा प्रसंगासाठी की टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. दुसरा, तीच इजा होऊ शकते. तिसरा, किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. चौथा, माणसाला नव्हे तर केवळ वस्तूला नुकसान. रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा आणि निळा, आणि चौथ्यासोबत उद्गारचिन्हाचा त्रिकोण येत नाही. पुस्तिकांमधल्या सूचनांसाठी या मालिकेत झेड५३५.६ हा स्वतंत्र भाग आहे. मराठीत आपल्याजवळ ‘धोका’, ‘इशारा’, ‘सावधान’, ‘खबरदारी’, ‘सूचना’ असे भरपूर शब्द आहेत, पण ‘इशारा’ मोठा की ‘सावधान’ मोठा हे दहा जणांना विचारले तर उत्तरे सारखी येणार नाहीत. विजेच्या खांबावरील पाटीमुळे ‘धोका’ या शब्दाला मात्र कवटीचे चित्र कायमचे जोडले गेले आहे. तो पहिल्या पायरीसाठीच राखून ठेवावा. उरलेल्यांसाठी ‘इशारा’, ‘खबरदारी’ आणि ‘सूचना’ घ्यावेत, पण प्रत्येकाचा अर्थ प्रस्तावनेत शब्दात सांगावा, केवळ रंगाने नव्हे. ही यादी आहे म्हणून तरी प्रस्तावना काढून टाकता येणार नाही.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘डीसी बसचा (आतल्या डीसी पुरवठ्याचा) दिवा विझल्याशिवाय आणि पुस्तिकेत दिलेली मिनिटे उलटल्याशिवाय मागचे झाकण उघडू नका’ या वाक्यात शेवटचा शब्द पुढच्या ओळीवर गेला तर घाईतला माणूस ‘झाकण उघडू’ येथेच थांबतो. अशी वाक्ये तोडावीत : ‘झाकण उघडू नका. आधी दिवा विझू द्या.’ ‘पुरवठा बंद करण्यात यावा’ ही सरकारी पत्रांची भाषाही नको, कारण तीत बंद कोणी करायचा हेच कळत नाही.

फोनच्या पलीकडून

मी एका यंत्रकंपनीच्या मदतकेंद्रात अनेक वर्षे फोन घेतले आहेत, म्हणून फक्त शेवटच्या पानाबद्दल बोलतो. ते पान कोणी वाचत नाही हे आपल्या व्यवस्थापनाचे म्हणणे चुकीचे आहे. ते पान सगळे जण वाचतात, मात्र रात्री, यंत्र बंद पडल्यावर, मोबाइलच्या उजेडात.

कायद्याची बाजू आधी पाहू. ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वेष्टित वस्तूंसाठी २०११ च्या वैधमापन नियमांत, तक्रारीसाठी ज्या व्यक्तीशी किंवा कार्यालयाशी संपर्क साधायचा तिचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल वेष्टनावर देणे सक्तीचे आहे. थेट उद्योगांना जाणाऱ्या मालाला हा नियम लागत नसेलही, ते आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावे. पण त्या चार गोष्टींची यादी किमान मर्यादा म्हणून चांगली आहे.

माणसाचा ई-मेल कधीही छापू नये. पदाचा किंवा कामाचा पत्ता छापावा आणि तो कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर असावा. कोणी नोकरी सोडली तर टपाल दुसऱ्याकडे वळवणे पाच मिनिटांचे काम असते, पण डोमेनचे नूतनीकरण चुकले तर छापलेल्या सगळ्या पुस्तिका एका दिवसात मुक्या होतात. क्रमांक एकच द्यावा, पण जिवंत द्यावा. १८०० ने सुरू होणारा निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही, म्हणून आपली यंत्रे आखातात जात असतील तर +९१ पासून सुरू होणारा साधा क्रमांकही हवा. वेळ लिहावी, साप्ताहिक सुट्टी लिहावी, आणि रात्री फोन कोणी उचलत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. चोवीस तास सेवा असे छापून घंटी वाजत ठेवण्यापेक्षा ते बरे.

फोन करणाऱ्याने आधी काय जमवून ठेवावे, हा मजकूर क्रमांकाच्या वर छापावा, खाली नको, कारण क्रमांक दिसला की माणूस पुढचे वाचत नाही. मॉडेल, अनुक्रमांक, कार्डातील फर्मवेअरची (आत बसवलेल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, कोणता दिवा कोणत्या रंगात आणि तो स्थिर आहे की लुकलुकतो, शेवटचा बदल कोणी आणि काय केला. अनुक्रमांकाची पट्टी यंत्राच्या मागे असेल आणि यंत्र भिंतीला टेकलेले असेल तर ती निरुपयोगी. दाराच्या आतल्या बाजूला दुसरी पट्टी लावून घ्या. निम्म्या फोनमध्ये पहिली दहा मिनिटे त्या पट्टीच्या शोधात जात, आणि हे मी रागाने नव्हे तर खरोखरच्या हळहळीने लिहितो.

पुस्तिकेचा स्वतःचा क्रमांक आणि आवृत्ती प्रत्येक पानाच्या तळाशी हवी, केवळ मुखपृष्ठावर नको. तंत्रज्ञ फोनवर ‘पान ४७ वर असे लिहिले आहे’ म्हणतो आणि माझ्यासमोरच्या आवृत्तीत पान ४७ वर दुसरेच काही असते.

पान काढून टाकले तर काय होते तेही व्यवस्थापनाला सांगावे. माणूस कंपनीचे नाव टाकून इंटरनेटवर क्रमांक शोधतो, आणि तेथे खोट्या मदतकेंद्रांचे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पैसे गेल्यावर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा लागतो. त्यापेक्षा खरा क्रमांक यंत्रावरच चिकटवलेला असावा.

भोसरीचा दस्तऐवजकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकटीचा नियम मी आजच दोन पानांवर वापरून पाहिला आणि विभागातल्या एका शिकाऊ मुलाला यंत्रासमोर उभे केले. पहिली कमांड त्याने बरोबर दिली. दुसऱ्या वेळी त्याने चौकटीतला नमुन्याचा पत्ताच टंकित केला, खालची मराठी ओळ त्याने वाचलीच नाही. त्यामुळे ती ओळ आता चौकटीच्या वर नेली आहे. तीन ओळींचा तक्ता जाऊन प्रस्तावनेत चौकट, अंक आणि चार सूचनाशब्द यांचे एक पान राहील.

मदतीच्या पानाबाबत व्यवस्थापन अर्धे राजी झाले आहे. कामाच्या नावाचा ई-मेल पत्ता मिळाला, दाराच्या आतल्या पट्टीचा खर्च अजून मंजूर व्हायचा आहे. एक शंका मात्र उरली : आमचे तंत्रज्ञ कमांड एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि तेथे शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या तारका किंवा खालच्या रेघा नाहीशा होऊन शब्द ठळक किंवा तिरपा होतो. त्यावर पुस्तिकेत काही लिहावे काय?

जुना सिस्टिमवाला

लिहू नये. चौकटीचा फोटो पाठवा असे त्यांना सांगा. आणि पुढच्या फर्मवेअरमध्ये खालची रेघ असलेली कमांडची नावे कमी करता येतील का, ते आपल्या प्रोग्रॅमरला विचारा.